बाळाच्या वाटीतले फवारणीचे अंश: काय, कोणत्या क्रमाने आणि कुठे चुकते

सहा महिने झाले की घरात खिमटी, नाचणीचे सत्त्व, उकडलेले गाजर यांची तयारी सुरू होते. त्याच सुमारास मोबाइलवर कुणीतरी फवारणीचा व्हिडिओ पाठवते. मग सफरचंद सोड्याच्या पाण्यात, द्राक्षे मिठाच्या पाण्यात आणि पालक व्हिनेगरमध्ये जातो. नाचणी मात्र ज्या डब्यातून काढली त्याच्या तळाशी बोरिक पावडर असते, आणि तिकडे कुणाचे लक्ष नसते.

धुणे हा या कामातला तिसरा टप्पा आहे. पहिला निवडीचा, दुसरा साठवणीचा. ते दोन्ही वगळून कितीही धुतले तरी हाती थोडेच लागते. म्हणून खालचा क्रम बदलू नका.

## सुरुवातीआधी: दोन गोष्टी पक्क्या करा

स्तनपान थांबवू नका. आईच्या दुधातही कीटकनाशकांचे अंश सापडतात असे वाचून कुणी पावडरच्या दुधाकडे वळत असेल, तर तो उलटा उपाय आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि नंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अशा अंशांमुळे बदललेला नाही.

भाजी-फळे कमी करू नका. भीतीपोटी बाळाला नुसता भात आणि बिस्किटे देणारी घरे आहेत. लोह आणि जीवनसत्त्वे कमी पडल्याने होणारे नुकसान नक्की असते, आणि बाळाच्या वाढीत ते दिसतेही.

तरीही बाळासाठी वेगळी काळजी का, तर सात-आठ किलोचे बाळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा बरेच जास्त खाते-पिते. त्यातही रोज तेच चार पदार्थ. शिवाय ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके निकामी करणारी शरीरातली यंत्रणा या वयात पुरती तयार झालेली नसते. युरोपीय संघाने बाळांच्या तयार अन्नात जवळपास सर्व कीटकनाशकांसाठी किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा ठेवली आहे ती याचसाठी. आपल्याकडे ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे अन्नपदार्थांना सामान्यतः हाच ०.०१ चा आकडा लागू होतो. मसाल्यांना २०२४ पासून यात सूट देऊन तो ०.१ केला आहे. खिमटीत जिरेपूड घालत असाल तर तयार पूड न आणता अख्खे जिरे धुऊन, वाळवून, भाजून घरीच कुटा.

हाताशी हे ठेवा: बाळाच्या धान्यासाठी वेगळे कोरडे डबे, मोजायचा चमचा, खायचा सोडा, दोन मोठी पातेली, चाळणी, सोलणी आणि घड्याळ.

## टप्पा १: पदार्थ निवडणे

सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत बाळ खाते ते किती! मंडईतल्या सगळ्या भाज्यांची चिंता करण्याची गरज नाही. सहा-सात पदार्थ नीट निवडले की पुरते.

आधी जाड सालीचे किंवा सोलून खायचे पदार्थ घ्या: लाल भोपळा, दुधी, रताळे, बटाटा, गाजर, शेंगेतून सोललेला मटार, केळी, पपई, चिकू. फवारणीचा बराचसा भाग सालीवर बसतो आणि सालीबरोबर जातो.

काही पदार्थ उशिरा आणि निवडून आणा: द्राक्षे, स्ट्रॉबेरी, सालीसकट सफरचंद, फ्लॉवर, ढोबळी मिरची, भेंडी, टोमॅटो. या पिकांवर फवारण्या जास्त होतात आणि खाताना साल काढता येत नाही किंवा काढली जात नाही. कोथिंबीर आणि कढीपत्ता फोडणीत थोडा घातला तर ठीक, पण बाळाच्या वरणात मूठभर वाटून घालण्याचे कारण नाही. पालक-मेथी टाळू नका. त्या ओळखीच्या माणसाकडून घ्या किंवा कुंडीत लावा. मेथी कुंडीत सहज येते आणि बाळाला लागते ती चार काड्या.

इथे एक फरक समजून घ्या. स्पर्शजन्य औषध पानाफळाच्या वर राहते, ते धुऊन आणि सोलून बरेच कमी होते. इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड, ॲसिफेट यांसारखी आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसात शिरतात, म्हणून गरातही असू शकतात. सोडा, मीठ, व्हिनेगर यांतले काहीही तिथवर पोहोचत नाही. त्यांच्यावर उपाय निवडीचाच.

विकणारा शेतकरी समोर असेल तर "सेंद्रिय आहे का?" असे विचारू नका, उत्तर "हो" येणारच. विचारायचे ते असे: शेवटची फवारणी कधी झाली? कोणते औषध होते? तोडणी कधी केली? खरोखर पिकवणारा माणूस याची उत्तरे अडखळत का होईना, देतो.

पाकिटावर काय पाहावे: प्रमाणित सेंद्रिय मालावर 'जैविक भारत'चे चिन्ह असते. सोबत 'इंडिया ऑरगॅनिक' किंवा 'पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक' असते. 'पीजीएस-इंडिया ग्रीन' म्हणजे शेत अजून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात आहे. 'रेसिड्यू फ्री' म्हणजे फवारणी झाली, पण अंश ठरलेल्या पातळीखाली आहेत असा दावा. अहवाल मागितल्यावर मिळाला तर त्याला किंमत आहे. नुसते 'विषमुक्त', 'नैसर्गिक', 'गावरान' हे दुकानदाराचे शब्द आहेत.

## टप्पा २: धान्य आणि डाळी, म्हणजे घरातली सर्वांत मोठी चूक

नाचणी हे कोकण आणि सह्याद्रीच्या उतारावरचे पावसाळी पीक, त्यावर फवारणी सहसा कमीच. तूर आणि हरभऱ्यावर घाटे अळीसाठी फवारणी होते, पण दाणा शेंगेत किंवा घाट्यात असतो आणि डाळ करताना टरफल निघून जाते. म्हणजे शेतातून माल बऱ्यापैकी बरा येतो. बिघडतो तो आपल्या घरी, एप्रिल-मे महिन्यात वर्षाचे धान्य भरताना.

बाळाच्या धान्यात पुढील काहीही घालू नका:

- बोरिक पावडर. ती बाळांना विषारी आहे. तांदूळ आपण धुतो, त्यामुळे त्यातली बरीचशी निघते. पण गहू, ज्वारी आणि नाचणी अनेक घरांत डब्यातून थेट गिरणीत जातात आणि सगळी पावडर पिठात उतरते.
- पाऱ्याच्या गोळ्या. कापडात बांधलेल्या असल्या तरी नकोत.
- ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. बाळाचे धान्यच काय, घरातल्या कुठल्याच धान्याला त्या नकोत.
- डब्याभोवती झुरळ-मुंग्यांच्या खडूची रेघ. त्यात कीटकनाशकच असते. बोट रेघेला लागते, तेच पुढे डब्यात जाते.
- बिब्बे. कीटकनाशक नव्हे, पण त्याच्या तेलाने कातडीला फोड येतात.

मग किडीचे काय? बाळाचे धान्य वर्षाचे भरूच नका. महिन्याला एक किलो तांदूळ, अर्धा किलो मूगडाळ, अर्धा किलो नाचणी एवढे पुरते. आणल्यावर कडक उन्हात पातळ पसरून वाळवा, पुरते गार होऊ द्या, मगच हवाबंद डब्यात भरा. शहरात ऊन मिळत नसेल तर पिशवी घट्ट बंद करून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडली तर दमटपणा धरतो आणि बुरशी येते. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो, दळण्याआधी तेवढा वेचून काढा. डाळीला एरंडेल लावलेले असेल तर कोमट पाण्याने चोळून धुवा.

नाचणीचा क्रम: निवडणे, तीन-चार पाण्यांनी चोळून धुणे, आठ-दहा तास भिजवणे, ते पाणी फेकणे, फडक्यात बांधून मोड आणणे, पंख्याखाली पसरून वाळवणे, मंद भाजणे, दळणे, चाळणे. अनेक जण आधी दळून मग पीठ पाण्यात कालवून गाळतात. त्याने कोंडा निघतो, पण दाण्यावर जे होते ते पिठात मिसळून गेलेले असते. गच्चीवर वाळवत असाल तर डासांच्या धुराची गाडी यायच्या वेळी उचलून आत आणा.

गिरणीतली तपासणी: तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू कशात साठवले होते, हे तुम्हाला माहीत नाही. आधी घरातले दुसरे दळण लावा, त्यामागून बाळाचे. ते जमत नसेल तर पहिले मूठ-दोन मूठ पीठ वेगळे काढा. थोडेच असेल तर घरच्या मिक्सरवर भागते.

तांदळासाठी तीन-चार पाणी, मूगडाळीसाठी तेवढेच पाणी आणि अर्धा तास भिजवण. भिजवलेले पाणी ओतून द्या, त्यातच शिजवू नका.

## टप्पा ३: धुणे

१. हात साबणाने धुवा. स्वयंपाकघरात झुरळांचा स्प्रे मारला असेल तर ओटा आणि पातेलीही.

२. फळ-भाजी अख्खी, देठासकट धुवा. आधी चिरून मग धुतले की वरचे पाणी आतल्या गराला लागते आणि जीवनसत्त्वेही वाहून जातात. अपवाद फ्लॉवरचा. त्याचे तुरे सुटे केल्याशिवाय आतपर्यंत पाणी जात नाही. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाका.

३. वाहत्या पाण्याखाली अर्धा ते एक मिनिट बोटांनी चोळा. हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टाळले जाणारे काम. नुसते बुडवून काढण्यापेक्षा चोळण्याने जास्त निघते.

४. सफरचंद, द्राक्षे, टोमॅटो यांसारख्या गुळगुळीत सालीच्या फळांसाठी एक लिटर पाण्यात सपाट दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम खायचा सोडा विरघळवा आणि फळे १२ ते १५ मिनिटे बुडवून ठेवा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर याच प्रमाणाने प्रयोग झाला. थायाबेंडाझोल आणि फॉस्मेट ही दोन औषधे सालीवरून १२ ते १५ मिनिटांत निघाली, मात्र थायाबेंडाझोलचा सुमारे २० टक्के भाग सालीत मुरला होता, तिथे सोडा पोहोचला नाही. म्हणजे सोडा उपयोगी आहे, पण बाळाचे सफरचंद त्यानंतरही सोलायचेच.

५. सोडा नसेल तर लिटरला २० ग्रॅम मीठ घालून दहा-पंधरा मिनिटे ठेवा. व्हिनेगर चालते, पण महाग पडते आणि वास मागे राहतो.

६. पुन्हा साध्या वाहत्या पाण्याने धुवा आणि स्वच्छ फडक्याने पुसा. पुसण्यानेही थोडे निघते.

पालेभाजीची मुळे कापा, पाने सुटी करा, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात हलवा आणि पाने वर उचलून दुसऱ्या पातेल्यात घाला. चाळणीत पाणी ओतून दिले की तळाला बसलेली माती परत पानांवर पडते. असे तीनदा करा.

सावध: खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर या तीन वेगळ्या वस्तू आहेत. धुण्याचा सोडा अन्नाला लावायचा नाही. भांड्यांचा साबण, ब्लीच आणि पोटॅशियम परमँगनेट यांपैकी काहीही नको. ते भाजीत मुरले तर एक अंश काढायला गेलो आणि दुसरा घालून बसलो, अशी गत होते. बाटलीतल्या 'व्हेज वॉश'वर पैसे घालवायचे की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा. मी घालवणार नाही.

## टप्पा ४: सोलणे आणि शिजवणे

धुतल्यानंतरच सोला. सोलून झाल्यावर सोलणी, सुरी, पाट आणि हात धुवा, मग फोडी करा. हे पाऊल जवळजवळ सगळे जण गाळतात आणि सालीवरचे तेच सुरीबरोबर गरात जाते.

भोपळा, गाजर, रताळे वाफवा, पाणी टाकण्याची गरज नाही. पालक-मेथी उकळत्या पाण्यात दोन मिनिटे घालून ते पाणी टाकून द्या. काही जीवनसत्त्वे जातात, पण पाण्यात विरघळणारे अंशही जातात, आणि या वयात मला हा व्यवहार परवडतो असे वाटते. शिजवण्याने काही औषधे मोडतात, काही मोडत नाहीत. त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या वाढवून काही साधत नाही.

द्राक्षे द्यायचीच झाली तर धुऊन, सोलून आणि उभे चार तुकडे करून. अख्खे द्राक्ष घशात अडकते, तो धोका कुठल्याही फवारणीपेक्षा तातडीचा आहे. एक वर्षाच्या आत फळांचा रस नको. सालीसकट चार फळे पिळून बाळाला एका वाटीत देण्यात काही शहाणपणा नाही.

### मनुकांचे पाणी

बद्धकोष्ठावर काळ्या मनुका भिजवून ते पाणी पाजण्याची आपल्याकडे रीत आहे. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जाते, फवारणीचे जे टिकते ते मागे राहून दाट होते. शिवाय सांगली-तासगाव भागात हिरवा-पिवळा बेदाणा करताना द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल (द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून वापरायचे तेल) यांच्या द्रावणात बुडवून वाळवतात. म्हणजे वर काय आहे ते पहिल्या पाण्यात उतरते, आणि पाजतो ते नेमके पहिलेच पाणी.

करायचे असेल तर असे करा: मनुका कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवून चोळा आणि ते पाणी फेका. पुन्हा एकदा तसेच. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवा आणि त्यातच मनुका कुस्करून गाळा. सहा महिन्यांच्या आत तेही नको.

## टप्पा ५: पावडरचे दूध

पावडर धुता येत नाही, सोलता येत नाही. कारखान्यात जे झाले ते झाले. तुमच्या हातात तीन गोष्टी: डबा, पाणी आणि माप.

डबा. सीलबंद, मुदतीतला, एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असलेला. बालदुग्धाच्या १९९२ च्या कायद्यानुसार भारतात अशा डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही आणि आईचे दूधच सर्वोत्तम ही सूचना छापावीच लागते. गोंडस बाळ छापलेला डबा दिसला तर तो इथल्या बाजारासाठी बनलेला नाही, हे ओळखा.

पाणी. उकळण्याने जंतू मरतात, पण कीटकनाशके आणि नायट्रेट जात नाहीत. पाणी आटले की उलट दाट होतात. शेताच्या बांधावरची विहीर, विशेषतः जिच्या काठावर फवारणीचा पंप धुतला जातो ती, बाळाच्या दुधासाठी वापरू नका. सार्वजनिक नळाचे पाणी किंवा कार्बन आणि आरओ दोन्ही असलेल्या, वेळेवर फिल्टर बदललेल्या यंत्राचे पाणी घ्या. त्यानंतरही उकळा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ७० अंश सेल्सिअसपेक्षा थंड नसलेल्या पाण्यात ती मिसळायला सांगते. लिटरभर पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरले की ते जमते. पाजण्याआधी बाटली थंड पाण्याखाली धरून कोमट करा. डब्यावर वेगळी सूचना असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा.

माप. आधी पाणी, मग पावडर. चमचा सपाट, दाबून भरलेला नाही. दूध घट्ट केले की पावडरीतले सगळेच बाळाला जास्त जाते, अंशही आणि क्षारही. सर्वांत फसवी चूक परदेशी डब्यांची. भारतातल्या बहुतेक डब्यांत एक चमचा ३० मिलिलिटर पाण्यासाठी असतो, अमेरिकेतल्या बहुतेक डब्यांत ६० मिलिलिटरसाठी. न्यू जर्सीच्या आत्याने आणलेल्या डब्यातला चमचा इथल्या डब्यात टाकला की हिशेब बिघडला. डबा संपला की त्याचा चमचाही फेका.

तयार दूध दोन तासांत वापरा, बाळाने उष्टे केलेले उरले तर टाका.

## टप्पा ६: शेतकऱ्याच्या घरात

स्वतःच्या शेतात पिकते ते सुरक्षित, असे नसते. बाळासाठीची भाजी फवारणीच्या आधी तोडून आणा. नंतर तोडायची तर बाटलीच्या लेबलवर त्या पिकासाठी दिलेला काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस, मोजा. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग पाहून दिवस ठरवणारे बरेच आहेत: हिरवा आहे, म्हणजे उद्या तोडले तरी चालते. त्रिकोण औषध माणसाला किती विषारी आहे ते सांगतो, थांबायचे किती दिवस ते सांगत नाही.

फवारून आल्यावर आंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्या. ते कपडे बाळाच्या लंगोटांबरोबर धुऊ नका. औषधाच्या रिकाम्या डब्यांत धान्य, तेल, पाणी काहीही भरू नका, कितीही वेळा धुतले तरी.

## टप्पा ७: शंका आली तर

बाळाने औषध लागलेले काही खाल्ल्याची शंका असेल आणि लाळ, उलटी, घाम, सुस्ती, बारीक झालेल्या बाहुल्या किंवा धाप दिसली, तर तपासणी वगैरे नंतर. उलटी करवू नका. औषधाची बाटली बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गाठा.

पाकिटातल्या मालाची तक्रार असेल तर तो माल, बिल आणि बॅच क्रमांकाचा फोटो जपून 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात द्या. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. अट एवढीच, की तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. माल नियमाबाहेर निघाला तर शुल्क परत मिळते. महिनाभराने आठवण झाली तर ही वाट बंद.

खासगी प्रयोगशाळेत देणार असाल तर ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आहे ना, आणि त्या मान्यतेत कीटकनाशकांची चाचणी येते ना, हे आधी विचारा. भाजी-फळांचा नमुना किमान एक किलो, न धुतलेला, स्वच्छ पिशवीत. धुऊन पाठवला तर अहवाल तुमच्या धुण्याचा येतो.

अहवालात किलोला मिलिग्रॅम म्हणजेच पीपीएम. 'आढळले नाही' याचा अर्थ शून्य नव्हे, तर यंत्राच्या मोजण्याच्या किमान पातळीखाली. ती पातळी ०.०१ किंवा त्याहून कमी आहे का, आणि नेमकी किती औषधे शोधली, हे पाहा. पाचच औषधे शोधून दिलेल्या स्वच्छ अहवालाला फार अर्थ नाही. आणि नमुना देताना त्याच मालाचा थोडा भाग पिशवीत बंद करून, तारीख घालून, अहवाल हातात येईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा.